नागरिक बाबाचा डावा पाय

तीर्थस्वरूप मनोहरमामांस,

अंबरीशचा साष्टांग नमस्कार (आठ अंगांपैकी कंबर सध्या रजेवर आहे, तेव्हा सातांवर गोड मानून घ्यावं). तुमचा गुडघा काय म्हणतोय? मामींचं बीपी? इकडे आइंडहोवनला आमचं ठीक आहे, म्हणजे मेधा खुशाल आहे आणि मी सैन्यात आहे.

दचकू नका. खरं सैन्य नव्हे. १७९५ साली फ्रेंच क्रांतीचं सैन्य गोठलेल्या नद्यांवरून चालत या देशात शिरलं होतं. त्या सैन्याची रोजची शिस्त, पहाटेच्या ढोलापासून रात्रीच्या पहाऱ्यापर्यंत, जशीच्या तशी जगून बघायची असा इथल्या काही सुखवस्तू लोकांना छंद आहे. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार नदीकाठच्या एका कुरणात तंबू ठोकायचे, लोकरीचे निळे कोट चढवायचे आणि आपण उपाशी आहोत असं समजायचं. आमची स्वानंदी डेल्फ्टला शिकायला गेली आणि अभ्यास सोडून पहिली या पथकात भरती झाली. मागच्या वर्षी तिचे तंबू गाडीतून पोचवायला म्हणून गेलो, तर रांगेत एक माणूस कमी होता. कुणीतरी माझ्या अंगावर कोट टाकला. तो कोट आजतागायत उतरलेला नाही (बटणं पोटावर बसत नाहीत, तो भाग वेगळा).

तुम्ही बेळगावला रंगरुटांना कवायत शिकवण्यात हयात घालवलीत, तेव्हा या सैन्याची तऱ्हा तुम्हाला सांगितलीच पाहिजे. इथे नाईक वरून नेमत नाहीत, शिपाई मतदान करून निवडतात! माझं वय आणि ऑफिसातला अनुभव बघता मीच निवडून येणार याबद्दल मला शंका नव्हती. मी उभा राहिलो. स्वानंदीही उभी राहिली. मला एक मत पडलं, आणि तो हात कुणाचा होता हे सांगून स्वतःची अधिक शोभा करून घेत नाही. निदान पोटच्या पोरीने बापाला मत द्यावं की नाही? तिने स्वतःलाच दिलं. वर मला म्हणाली, बाबा, इट्स डेमॉक्रसी.

तेव्हापासून आमची मुलगी माझी नाईक आहे. पहाटे ढोल वाजला की ती हजेरी घेते. जिने जन्मात कधी माझं नाव उच्चारलं नाही, ती धुक्यात उभी राहून खणखणीत आवाजात 'नागरिक अंबरीश!' असा पुकारा करते आणि मला 'हजर' म्हणावं लागतं. क्रांतीत सगळे समान, म्हणून सगळ्यांनी एकमेकांना अरेतुरे करायचं असा नियम आहे. तो तिने फार मनावर घेतला आहे. मग ती माझी नखं तपासते, बूट तपासते, बंदूक नीट पुसली नाही म्हणून मान हलवते. लहानपणी मी तिचं दप्तर तपासायचो तेव्हा अशीच मान हलवायचो म्हणे (हे मेधाचं म्हणणं. ती छावणीत डबा घेऊन येते आणि खुर्ची टाकून हसत बसते). जेवणाची तर आणखीच तऱ्हा. सबंध तुकडीला एकच हंडा. नाईकाने आधी चमचा बुडवायचा, मग एकेकाने पाऊल पुढे टाकून एक चमचा घ्यायचा आणि पाऊल मागे. सगळ्यांचं सगळ्यांना उष्टं! आमची आई आज असती तर तिने तो हंडाच पालथा केला असता.

आणि गंमत बघा, हेच डच लोक ऑफिसात मी साधं काही करायला सांगितलं तरी 'का?' विचारतात, त्यावर मीटिंग लावतात, मीटिंगमध्ये माझं म्हणणं खोडून काढतात आणि वर कॉफी देतात. शनिवारी मात्र एकवीस वर्षांची पोर 'वळ' म्हणाली की हीच मंडळी मुकाट वळतात. वळत नाही तो एकटा मी. म्हणजे वळतो, पण उलटा. हुकूम फ्रेंचमध्ये, खुलासा डचमध्ये. सगळी रांग डावीकडे, मी उजवीकडे. मागच्या खेपेला मी थेट आमच्या कप्तानाच्या (झूटरमेरचा निवृत्त दंतवैद्य) नाकावर नाक आपटलं आणि त्याची टोपी शेणात पडली. मग स्वानंदीचा तोल गेला आणि ती सगळ्यांदेखत मराठीत ओरडली, "बाबा, डावा! ज्या हाताने जेवत नाहीस ना, तो!" शिस्तीच्या पंचायतीपुढे मला उभं केलं. फटके मारणं क्रांतीने बंद केलं आहे, त्यामुळे नदीवरून पाणी भरायची शिक्षा झाली, आणि ती वाचून दाखवली नाईकानेच. कंबर तेव्हाची गेलेली आहे.

आता कप्तानाने ठणकावलं आहे की उन्हाळ्यात लोकांपुढे कवायत आहे, तोवर नागरिक बाबाला (हो, सगळं पथक आता मला याच नावाने हाक मारतं) डावं-उजवं समजलं नाही तर त्याला रांगेतून काढून घरी पाठवायचं. मामा, बावन्नाव्या वर्षी ही अवहेलना कशासाठी? तुम्ही घरातले वडीलधारे. स्वानंदीला दोन शब्द सुनावा, आणि बापाला या जाचातून मोकळं करायला सांगा. मला घरी बसू दे.

मामींना नमस्कार. औषधं वेळेवर घ्या.

आपला आज्ञाधारक (सध्या सगळ्यांचाच),
अंबरीश

ता. क. : स्वानंदीला काही सुनावू नका. वरचा शेवटचा परिच्छेद कंबर दुखत असताना लिहिला आहे.

ता. ता. क. : हे मेधालाही माहीत नाही. मला डावा पाय कुठला ते पक्कं ठाऊक आहे. तुम्हीच नाही का लहानपणी अंगणात पोटरीवर छडी टेकवून शिकवला होता? पण मामा, ही पोर घर सोडून गेल्यापासून माझ्याशी बोलतच नाही. फोन केला तर उचलत नाही, दुसऱ्या दिवशी 'बिझी बाबा, लेटर' एवढाच मेसेज. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. इथले लोक म्हणतात, मुलं मोठी झाली की असंच असतं. असेल. मला सहन होत नाही. पहिल्यांदा चुकलो ते खरोखरच चुकलो, आणि ती मराठीत ओरडली. चार वर्षांची असताना ओरडायची तश्शी. पुढच्या महिन्यात मी मुद्दाम चुकलो.

ता. ता. ता. क. : आता मुख्य काम. बापाला घरी पाठवू नका म्हणून ती कप्तानाशी भांडली आहे, आणि मठ्ठ रंगरुटाला डावं-उजवं कसं शिकवायचं ते विचारायला ती रविवारी तुम्हाला फोन करणार आहे. तुम्हाला इंग्रजी धड येत नाही, हे माझ्यावर तुमचे उपकार आहेत. तिला सगळं एकदम सांगून टाकू नका. एका रविवारी एकच युक्ती सांगा, आणि ती लागू पडणार नाही अशीच सांगा.