देवीशी एकेरीत

हे मृत्युपत्र करून ठेवते मी, श्रीमती सुनेत्रा गंगाधर ओगले, वय ७१, निवृत्त शिक्षिका, राहणार लोणावळा. माझं डोकं तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दबाव कुणाचाही नाही.

१. लोणावळ्याची सदनिका, ठेवी व दागिने मुलगा चि. सुश्रुत यास. तो नालायक नाही, अतिशहाणा आहे.

२. ‘देवाशी बोलणं’ हा माझा ब्लॉग मात्र त्यास मिळणार नाही. मावळातल्या बायका देवापुढे काय बोलतात, ते बारा वर्षं मी त्यांच्याच शब्दांत उतरवलं. बेडशाच्या शालूबाईंची सून बाळंतपणात गेली, तेव्हा त्या देवीला म्हणाल्या, “तवा तू कुटं हुतीस गं? डोळं फुटलं हुतं का तुजं?” मी तसंच लिहिलं. कुणा अनोळख्यानं खाली खरडलं, हा देवीचा अपमान आहे. सुश्रुत घाबरला. पासवर्ड त्याच्याकडे होता. मला न विचारता त्यानं ते बदलून केलं, “आई, तेव्हा आपण कुठे होतात?” डोळ्यांचं वाक्य गाळूनच टाकलं.

शालूबाईंना नातीनं ते मोबाइलवर वाचून दाखवलं. त्या मला म्हणाल्या, “बाई, ह्ये मी न्हाई बोलले. ह्ये कुनीतरी सायबाला इचारतंय.” मला तोंड वर करवेना. आणि हा म्हणतो, “शुद्धच केलंय ना गं!” शुद्ध! कपाळ माझं! घरातली लेकीसारखी सून गेली, त्या बाईच्या रडण्यात याला अशुद्ध काय दिसलं?

३. तीस वर्षं मुलांच्या वह्यांतल्या ‘न्हाई’वर लाल शाईनं काट मारली ती मीच. सुश्रुत माझ्याच वर्गात शिकला. या पापाची वाटणी नाही, ते माझ्या एकटीच्या नावे राहील.

४. शालूबाईंचं बोलणं मी मूळचं परत घातलं आहे. ब्लॉग, नवा पासवर्ड आणि माझ्या वह्या त्यांची नात राजेश्वरी हिला. बाळंतपणात गेली ती तिची आई होती. तिला वाटल्यास तिनं सगळं पुसावं. सुधारू मात्र कुणीही नये.

५. सुश्रुत, तू मला जन्मात कधी ‘आपण’ म्हणाला नाहीस. तापात फणफणलास तेव्हाही “आई, तू जाऊ नको” असंच म्हणालास. माझा कुठे अपमान झाला? उद्या माझ्या फोटोपुढे उभा राहशील. रड, भांड, काय हवं ते बोल. ‘आपण’ म्हणालास, तर मी ओ देणार नाही.

स्थळ: लोणावळा
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५
(सही) सुनेत्रा गंगाधर ओगले

बाईंनी वरील मजकूर आम्हा दोघांदेखत वाचून सही केली व त्यांच्यादेखत आम्ही केली. वाचताना त्या दोनदा थांबल्या.

साक्षीदार:
१. प्रदीप मारुती शेडगे, निवृत्त रेल्वे कर्मचारी, खंडाळा (सही)
२. अश्लेषा विनायक दातार, शिक्षिका, तळेगाव (सही)