आठमीला उपाशी ठेवलेल्या सकर माशाविषयी

लिहून ठेवतो मी, जवरीलाल केसरीमल ओस्तवाल, वय ७२, धंदा कापड दुकान, राहणार मेहरूण, जळगाव. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर वाकडं आलंय ते वयामुळे, कोणाच्या दबावामुळे नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर माझे मुलगे निर्मलकुमार व रतिलाल यांना निम्मे-निम्मे. जिन्यावरून भांडू नये. भांडतीलच.

२. कै. झमकूबाईचे दागिने दोन्ही सुनांना सारखे.

३. दुकानही मुलांचेच, मात्र गल्ल्याशेजारची काचेची पेटी व तीतला सकर मासा त्यांचा नाही. हा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा जीव. अंगावर हाडांचं कवच, तोंड खालच्या बाजूला, काचेला चिकटून शेवाळ खरवडतो. पेटी विकणाऱ्याने बजावलं होतं, शेवाळावर भागत नाही, काकडी-पालक रोज लागतं. शाकाहारी म्हणून घरात केवढं कौतुक झालं! आणि मग त्यालाही धर्माला लावलं. आठम-चौदसला, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला, आम्हा जैनांत हिरवं चिरत नाहीत, म्हणून त्याचंही बंद. पर्युषणात तर सलग आठ दिवस. मी ओरडलो, तर मोठी सून पुष्पाबाई म्हणते, "बापूजी, त्यालाही पुण्य लागेल." अगं, त्याने कोणत्या महाराजांपुढे हात जोडून नेम घेतला होता?

पर्युषण संपलं तेव्हा त्याचं पोट आत गेलेलं. वरचं कवच जसंच्या तसं, त्यामुळे घरात कोणाला दिसलंच नाही. दुकानाच्या ओट्यावर भाजी विकणाऱ्या बेबाबाईला दिसलं. "नाना, ह्याले भूक लागेल शे," म्हणाली आणि पाटीतली काकडी काढली. मुलं तिच्याच अंगावर धावली. बाई मासे खाते, तिचा हात पेटीत नको! असा संताप झाला माझा. पाणी गाळून पिणारं माझं घर, आणि कळवळा आला तो मासे खाणारीला.

४. म्हणून पेटी, मासा व ओट्यावरची तिची जागा बेबाबाईला तहहयात. तिला उठवल्यास दुकानावरचा मुलांचा हक्क संपून ते गोशाळेस जावे. मासा मेहरूणच्या तलावात सोडून जीवदया केल्याचं मिरवू नये. तिथे जाळी लागलेली असतात.

५. माझ्या नावाने कोणी उपवास करणार असेल, तर आधी पेटीत काकडी टाकावी. मग खुशाल उपाशी राहावं.

वरील मजकूर स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, एक शब्दही कमी करायचा नाही.

सही: जवरीलाल केसरीमल ओस्तवाल

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. गिरधर निंबा पाटील
२. भिकन अभिमन चौधरी

जळगाव, १४ ऑक्टोबर १९९३