आबांच्या तोंडावरची जाहिरात

वडीगोद्री,
जानेवारी २००५

चि. शिवाजीस,

आत्याचा भरभरून आशीर्वाद. पुण्याच्या थंडीत कानाला मफलर बांधतोस ना? मेसचं जेवण अंगी लागतंय का? माझे गुडघे आहेत तसेच आहेत. विचारपूस झाली, आता राग.

तू आबांच्या वर्षश्राद्धाला आला नाहीस. त्याऐवजी इंटरनेटवर आजोबांच्या फोटोचं पान केलंस आणि अंबडला जाऊन बघा, असा फोन केलास. गेलो बाबा. सकाळी पिंड ठेवला तर कावळा लगेच शिवला (इतका लगेच, की माझी निराशाच झाली. आबांनी जाताना विहिरीजवळचं रान मला द्यायला सांगितलं होतं, ते तुझ्या बापाने वर्षभर कानाआड टाकलंय, एवढं त्या कावळ्याला कळू नये?). मग तुझे वडील, झुंबरकाकी आणि मी एसटीने अंबडला काकासाहेबाच्या सायबर कॅफेत पोचलो. चपला बाहेर काढल्या. काकीने तर कॉम्प्युटरला लावायला कुंकवाची पुडी आणली होती.

फोटो वरून खाली हळूहळू उतरू लागला. आधी फेटा, मग कपाळ. भुवया येतात न येतात तोच आबांच्या तोंडावर एक लाल खिडकी आदळली. काकासाहेबाने वाचून सांगितलं, "अभिनंदन म्हणून राह्यलंय." श्राद्धाच्या दिवशी! ती मिटवली तर दोन उघडल्या, एकीत वजन घटवायचं औषध, दुसरीत दात काढून हसणारी बाई. अरे, आपल्या दारात परका आला तरी आधी पाण्याचा तांब्या देतात, काम नंतर विचारतात. आम्ही तर घरची माणसं, आणि आम्हाला उंबऱ्यातच फेरीवाल्यांनी धरलं. काकासाहेब म्हणाला, इंटरनेटवर फुकटची जागा घेतली की असंच असतं. म्हणजे आजोबांना तू लोकांच्या ओसरीवर बसवलंस.

खिडक्या हटेनात. तुझ्या बापाला ऐन थंडीत घाम फुटला. तेवढ्यात काकी (आबांची थोरली वहिनी ती, अजून त्यांचं नावच घेते) दादाला म्हणाली, "भुजंगा, रखमाजीचं मन कशात तरी अडकून राह्यलंय. तोंड दाखवून न्हाई राह्यला." मी गप्प बसले (हे फार जड गेलं). दादाने टोपी सरळ केली, पडद्याला हात जोडले. "आबा, इहिरीजवळचं रान सगुणाच्या नावावर करून देतो. बिलकुल देतो. मंग तर तोंड दाखवा!" त्याच वेळी काकासाहेबाला त्या खिडक्या मिटवायची कोपऱ्यातली बारीक फुली सापडली आणि आबा दिसले. रान-बिन सगळं विसरून मी रडले. वर्षभर मला त्यांचा आजारपणातला चेहराच आठवत होता रे.

तर असला बाजार कुणाच्या डोळ्यांपुढे मांडू नकोस. भेटायला आलेल्या माणसाला सुखाने भेटू दे. जाहिराती जल्दी काढ.

तुझ्यावर रागावलेली, तुझीच
सगुणाआत्या

ता. क. फोटो मात्र सुरेख निवडलास.

ता. क. आणखी एक. दादा आता म्हणतो, मशिनीला दिलेला शब्द काय शब्द असतो का? पण मन खातंय त्याचं. येत्या अमावास्येला आबांना पुन्हा बघून येणार आणि मगच तलाठ्याकडे जायचं की नाही ते ठरवणार आहे. तेव्हा जाहिराती एवढ्यात काढू नकोस. जमलं तर अमावास्येपुरत्या दोन जास्तीच्या घाल, आणि ती फुली आणखी बारीक कर.