रेघ शिवली की झालं

ता. ७ जुलै, रविवार
आज पण पोरं हरली. बत्तीस विरुद्ध काही नाही. माझा नातू मधू (पुढे नुसतं म. लिहीन, बोटं दुखतात) दारात उभा, अंगावर शेतभर चिखल. सूनबाई शांता म्हणाली, "आधी नळावर जा." मी हसू दाबलं. खेळाचं नाव रग्बी. चेंडू दुधीभोपळ्यासारखा, कुठं उडेल ते त्याचं त्याला माहीत नाही. गोदीतले कामगार आणि आमच्या चाळीची हुतूतूची पोरं जमवून पास्कल मेस्त्रींनी क्लब काढला. हा चौथा पावसाळा. वर्गाच्या बाई म्हणाल्या, आजी, लिहायला शिकलात तर रोज चार ओळी लिहा. चार ओळीत माझं काय होतंय.

ता. ९, मंगळवार
मेस्त्री आले. चहा घेतला, दुसरा पण घेतला, तेव्हाच ओळखलं काहीतरी आहे. "आजीबाय, गोऱ्या साहेबांच्या कमिटीनं सांगितलंय. तीन सालं झाली, एक पण टराय नाय. यंदा पण नाय झाला तर फुडल्या साली क्लब बाद." टराय म्हणजे चेंडू घेऊन त्यांच्या रेघेपलीकडं जायचं आणि तो जमिनीला टेकवायचा. तीन मॅची उरल्यात. म. भाकरी तशीच ठेवून उठला. आमचे मालक साहेबांच्या याच मॅचीच्या मैदानात गवत कापायला जायचे. फाटकातून आत जाताना टोपी काढायचे. नातू फाटकातून पळत आत जातो. ते जायला नको.

ता. १८, गुरुवार
गंमत झाली. क्लबाची पंधरा पोरं सकाळची चिंचपोकळीच्या पुलाकडून पळत निघाली, पोलीसगाडीनं अडवली. सध्या मराठी राज्यासाठी मोर्चे चाललेत, चार माणसं एका दिशेला निघाली की मोर्चाच धरतात.
"कुठला मोर्चा?"
"मोर्चा नाय, प्रॅक्टिस."
"मग घोषणा कसल्या देता?"
"घोषणा नाय साहेब, दम घालतोय. हुतूतूतू."
हवालदार साताऱ्याकडचा निघाला. म्हणाला, दम नाकातून येतोय तुमचा. सोडलं.

ता. २८, रविवार
मी स्वतः गेले मॅचीला. चाळीतल्या नऊ जणी बरोबर. ओरडायचं काय ते कुणाला ठाऊक नाही. सगळ्यांना एकदम येतं असं एकच, मोर्चातलं. मी म्हटलं, "टराय!" नऊ जणी म्हणाल्या, "झालाच पाहिजे!" साहेबांच्या मडमा वळून बघायला लागल्या. एक हसली आणि ती पण म्हणायला लागली.
आणि म. सुटला. दोघं पायाला लोंबकळतायत आणि हा ओढत नेतोय. हुतूतूत धरल्यावर असंच करतात. गेला रेघेपर्यंत. पायाचा अंगठा रेघेला लावला, चेंडू दिला आभाळात भिरकावून आणि हात वर करून उभा राहिला. हुतूतूत रेघ शिवली की झालं, गडी जिता. इथं टेकवावा लागतो. साहेबांच्या पोरानं चेंडू उचलला आणि पार तिकडं मारला. मेस्त्री चिखलात खाली बसले, उठेचनात.

ता. ३०, मंगळवार
चाळीत त्याला रेघशिव्या म्हणतात. नवस बोलायला तोंड उघडलं आणि आठवलं, धम्माची दीक्षा घेतल्यावर देव समुद्राला दिले. आता स्वतःच काहीतरी करायला पाहिजे. नियम केला. म. नं उंबरा ओलांडला की हातात असेल ते आधी जमिनीला टेकवायचं, मग बोलायचं.

ता. ४ ऑगस्ट, रविवार
नियम पाळतोय. डबा टेकवला, छत्री टेकवली. काल घासलेटचा डबा घेऊन असा पालथा पडला की शांता म्हणाली, "सासूबाई, मॅच जिंका नाहीतर घर पेटवा, एक काय ते ठरवा."

ता. ११, रविवार
चार गडी मोर्चात धरले, अकराच खेळले. टराय नाही. धरलेले म्हणे कोठडीत पण दम घालत होते. आता एकच मॅच उरली.

ता. २५, रविवार
काय लिहू. पाऊस असा की फक्कीच्या रेघा वाहून गेल्या. रेघेच्या टोकाचा झेंडा पण पावसानं आडवा, मी त्याच्याजवळ उभी. शेवटी शेवटी म. आला, दोन्ही हातांनी चेंडू पोटाशी धरून, उडी मारून पालथा पडला. बरोबर घासलेटच्या डब्यासारखा. वर सहा जण पडले. पंच पळत येताना घसरले ते पाठीवरच. उठून एकेक माणूस बाजूला केला. खाली म., त्याच्याखाली चेंडू, टेकलेला. पण रेघ कुठं? पंच आणि दोन्ही कप्तान खाली वाकून रेघ शोधतायत, तीळ सांडल्यासारखे. सापडेना. तेवढ्यात मेस्त्रींनी माझ्याकडं बोट केलं. "साहेब, ती आजीबाय लायनीवरच होती. तिला सगळा दिसला." पंच म्हणाले, ठीक, गुरुवारी कमिटी बसेल, बाईंना आणा.

ता. २६, सोमवार
सकाळपासून माणसं पाया पडून जातायत. शांता म्हणाली, "तुम्ही बघितलंत ना नीट?" मी म्हटलं, माझ्याइतकं जवळ कुणीच नव्हतं. ते खोटं नाही.
इथं लिहिते. म. नं उडी मारली तेव्हा मी डोळे मिटले होते. पोराची मान मोडेल म्हणून.
म. ला हळूच विचारलं, "तुला काय वाटतं, रेघेच्या पलीकडं होतास?" तो म्हणाला, "आजी, माझ्या नाकात चिखल, पाठीवर सहा जण. मला काय कळणार? तू बघितलंस म्हणून मी निवांत आहे. तू खोटं बोलत नाहीस."
चेंडू टेकल्याचा आवाज मात्र आला होता. ओल्या मातीवर पाट आपटावा तसा. माझ्या उजव्या हाताला आला. रेघ माझ्या उजवीकडं होती का डावीकडं, ते आठवत बसलेय. कमिटीला आवाज चालतो का, हे मेस्त्रींना विचारावं तर त्यांना कळेल.
दीक्षेला नेसलेलं पांढरं लुगडं धुऊन टाकलंय. या हवेत गुरुवारपर्यंत वाळतंय का बघायचं.