पोरीला तितंच ठेव

तीर्थरूप गेणबादादास, धाकट्या रत्नाचा दुरूनच नमस्कार.

देवूनं तुझा निरोप सांगितला. आई आजारी हाय, घरी ये, पन पोरीला तितंच ठेव, असं म्हनालास.

आमी दोघी बऱ्या हाय. ताम्हिणीच्या रानात करवंदं पिकल्यात. ती खाऊन पोर तोंड काळं करून हिंडतीया. हितं तेवढंच तोंड काळं हुतं.

विधवेला दिस गेले म्हनून गावानं मला हाकललं, तवा देवूच्या आईनं हितं खोपटात घेतलं, बाप कोन ते न्हाई विचारलं. "सकाळपास्नं काय खाल्लंस?" एवढंच म्हनाली.

दादा, पोरीचा बाप त्या दिशी चावडीवर तुझ्याच मांडीला मांडी लावून बसला हुता. तुला ठाऊक हुतं. तरी पापीन मीच झाले, आन त्यो औंदा सप्त्यात वीणा घेऊन उभा ऱ्हायला म्हनं.

आईचा खोकला कमी हाय का? भाकरी खाती का? देवूसंगं मध धाडलाय. माझ्या हातचा म्हनून उंबऱ्याभाईर ठेवू नगंस, तिला चाटव.

मी येनार न्हाई. पोरीला टाकून आले, तर ते पाप मातर माझं असंल.

तुझीच,
रत्ना