सीलबंद अ‍ॅसिड

२ जून, मंगळ.
आपल्या कारखान्याची पहिली बॅच आज हातात आली. औषधाच्या रेणूची साखळी, एकेक कडी जोडून केलेली, आणि तीही हुमनाबादेत! पण तपासणीच्या आलेखात खऱ्या शिखराला चिकटून एक बारकं शिखर. साखळी तीच, वजन १४७ ने जास्त. हैद्राबाद ऑफिसचा पहिला प्रश्न: मशीनला बाटल्या कुणी लावल्या? माझ्या हाताखालच्या शिवलीलानं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. "अक्का, मी बराबरच लावले की." मला माहीत आहे. पण चूक इथली ठरली तर सगळं काम परत हैद्राबादला. डोकं फिरलंय.

४ जून, गुरु.
१४७ म्हणजे क्लोरल, अ‍ॅसिड बनवताना मागे राहणारी अशुद्धी. दुसरं काही नाही! दर कडीआधी साखळीचं टोक मोकळं करायला अ‍ॅसिड फिरवतो, त्यात हे राहिलं तर जाऊन चिकटतं. या बॅचला अ‍ॅसिडचा नवा कॅन होता. पाटीलसर, आमचे साहेब: "सील हाय, सर्टिफिकेट हाय, मग संशय कामून?" सर्टिफिकेटात क्लोरल तपासलेलंच नाही.
संतपुरात माझे अप्पा सीलबंद सोयाबीनचं बीसुद्धा पेरायच्या आधी ओल्या गोणपाटात घालून उगवतं का बघतात. दुकानदार हसतो. अप्पांचं ठरलेलं, "मी शिक्का पेरायलो का बी?" आम्ही शिक्काच पेरला.
चाचण्यांना वापरलेल्या जुन्या कॅनमधलं थोडं अ‍ॅसिड शिल्लक आहे. उद्या दोन छोट्या साखळ्या, एक जुन्यावर, एक नव्यावर.

६ जून, शनि.
जुन्यावरची स्वच्छ. नव्यावर १४७!! शिवलीला रडली, मग कन्नडमध्ये अ‍ॅसिडवाल्यांचा उद्धार केला. मीही रडले. अभिमान वाटतोय, कशाला लपवू.
सर दोन्ही आलेख बघत बसले. "बॅच?"
"टाकायची, सर."
"हैद्राबादला कोण सांगणार?"
"मी."

८ जून, सोम.
सांगितलं. तिकडून: दोष तुमचा नाही ना? मग एवढंसं शिखर, सोडून देऊ. मी म्हटलं, सही करणार नाही. लहान मुलांच्या मणक्यात टोचायचं औषध आहे. विचार करून कळवतो म्हणे. काम इथं ठेवायचं की नाही, तेही.
अप्पांना फोन केला. औषधाचं काही कळलं नसावं, तरी म्हणाले, "बरं केलीस माय."
दुपारी दुसरा कॅन आला. सीलबंद, सर्टिफिकेटासकट. सर स्वतःच म्हणाले, "आधी छोटी साखळी लावा." शिवलीलानं बाटली लावली, कुणाला न विचारता. मशीन चालू आहे. हैद्राबादचा फोन अजून आलेला नाही.