उभ्या ट्रकचा धूर

३ तारीख, सकाळी ७.१०
कंबरेच्या ऑपरेशननंतर बाबांनी ट्रकचं सगळं माझ्याकडे सोपवलं. तीस तारखेपर्यंत धुराची तपासणी पास व्हायला हवी. नाही झाली तर ट्रक भंगारवाल्याकडे जाणार, आणि एकोणीस वर्षं तो चालवणारे ड्रायव्हरकाका घरी बसणार. मर्यादा: धूर चाळीस टक्क्यांपर्यंत. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. काळजीचं कारण नाही.

४ तारीख
काकांचा सल्ला: तपासणीआधी खडी भरून टेकडीचा चढ चढवायचा, म्हणजे म्हातारी मोकळी होते. म्हातारी म्हणजे ट्रक. याला आधार काय, असं विचारलं. म्हणाले, पोरी, एकोणीस वर्षं. हा आधार नव्हे, हा कालावधी झाला.
माझी योजना: ट्रक चालवायचाच नाही. चालला नाही तर काजळी धरणार कशी? रोज दहा मिनिटं अंगणात इंजिन नुसतं चालू ठेवायचं. तक्ता केला. सहा रंग.

११ तारीख
दहा मिनिटांचा अर्धा तास केला. काका म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला बसवून ठेवलं की छातीत कफ होतो. इंजिनाला छाती नसते, हे त्यांना शांतपणे सांगितलं.

१७ तारीख
शेजारच्या काकूंची वाळत घातलेली पांढरी चादर काळी झाली. काकूंनी भिंतीवरून विचारलं, इंजिनिअर झालीस की कोळसेवाली? एका चादरीवरून निष्कर्ष काढता येत नाही.

२३ तारीख
गॅरेजवाला धूर मोजायचं मीटर एक दिवस द्यायला तयार होता. नको म्हटलं. गणित बरोबर असलं की मोजावं लागत नाही.

२८ तारीख, दुपारी १२.४०
तपासनिसाने सायलेन्सरच्या तोंडात नळी घातली. काकांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. थोडा वेळ समोरची भिंत दिसेना. ७३. तपासनिसाने विचारलं, मॅडम, ट्रक चालवता की अंडी उबवायला बसवलाय? तक्ता दाखवला. मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले. परवा शेवटची संधी.

२९ तारीख
बाबांनी भंगारवाल्याला फोन केला. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं.
काका चावी मागायला आले. परवानगी दिली नाही. मी चावी टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायला आत गेले. तीन ग्लास प्यायले.

३० तारीख, संध्याकाळी ६.००
काका पहाटेच खडी भरून चढावर दोन फेऱ्या मारून आले होते. तपासणीत आकडा १९. पास. माझ्या पद्धतीचा परिणाम दोन दिवस उशिरा दिसतो, हे बाबांना समजावलं. बाबांनी भंगारवाल्याला नाही म्हणून कळवलं, चावी काकांना दिली आणि मला काकूंची चादर दिली.
तीनदा धुतली. उरलेला डाग अंदाजे अडतीस टक्के. मर्यादेत.
काकूंनी नापास केली.